उलटा रविवार

वरठी

भंडाऱ्याला जायचे तर रेल्वेने थेट भंडाऱ्यात उतरता येत नाही. गाडी वरठीला थांबते, तिथल्या पाटीवर भंडारा रोड लिहिलेले असते आणि शहर गाठायला ऑटो करावा लागतो. नागपूर मागे पडले की तासाभरात खिडकीबाहेर धानाच्या बांध्या सुरू होतात. मी गेलो तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. अर्ध्या बांध्यांत धान पिवळे उभे होते, अर्ध्यांत कापून वाळायला पसरलेले होते. त्याचा ओलसर गोडसर वास डब्यात येत होता. पुण्यात मी सोळा वर्षे राहतो, पण हा वास तिथे कुठेच नाही. तो आठवूनही येत नाही, पुढ्यात आला की कळते आपण काय सोडून गेलो.

पुण्याहून इथवरच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखे काही नाही. मी बहुतेक वेळ एकच वाक्य मनात घोळवत होतो. ते वाक्य माझा मित्र कादर याला सांगायचे होते. कादर मला भेटेल की नाही, भेटला तर बोलेल की नाही, हे मला ठाऊक नव्हते. तो आता कुठे राहतो हेसुद्धा ठाऊक नव्हते.

ऑटोवाल्याने विचारले, "कोणाकडे जाऊन राहिले सर?"

पुण्यात रिक्षावाला कुठे जायचे ते विचारतो, आमच्याकडे कोणाकडे ते विचारतात. मी म्हणालो, "लॉजवर सोडा."

कारधा

संध्याकाळी वैनगंगेचा पूल ओलांडून कारध्याला गेलो. आमच्या वेळी दिवाळीनंतर नदी आटायची आणि वाळूतून चालत पार पाण्यापर्यंत जाता यायचे. आता खाली गोसेचे धरण झाले आहे. पाणी काठोकाठ तुंबून असते आणि त्यावर हिरव्या वेलीचा जाड थर. नदी मोठी झाली होती, पण वाहत नव्हती.

नथ्थूची टपरी मात्र जागेवर होती. दोन बाकडी, पितळी किटली आणि नथ्थू. त्याचे केस पांढरे झाले होते, बाकी तोच.

"ओळखलं का नथ्थूभाऊ?"

चहा गाळता गाळता त्याने मला खालवर पाहिले. "चेहरा ओळखीचा वाटते, पोट नवीन आहे." मग किटली खाली ठेवून म्हणाला, "भंते! तुमी भंते ना?"

सोळा वर्षांत मला या नावाने कोणी हाक मारली नव्हती. मी काही भिक्खू नाही. माझे नाव मिलिंद. आमचे घर माझ्या आजोबांच्या काळी बौद्ध झाले. 'भंते' हे नाव नथ्थूनेच पाडले होते आणि कादरला तो 'खलिफा' म्हणायचा. आम्ही पुलावरून दिसलो की तो ओरडायचा, "खलिफा अन् भंते आले रे, आता चहा थंडा होते!"

हे सुरू झाले जिल्हा फुटला त्या वर्षी. गोंदिया वेगळा झाला आणि भंडारा एवढासा उरला. कादर एका शाळेत इतिहास शिकवायचा, मी कॉलेजात तासिकेवर होतो. याच बाकड्यावर बसून मी म्हणालो, "अब्बासींची खिलाफत अशीच फुटली असेल." कादर म्हणाला, "अशी नाही फुटली. सुभेदार वसुली पाठवेनासे झाले म्हणून फुटली." त्यावरून आम्ही अंधार पडेपर्यंत भांडलो आणि पुढच्या रविवारी पुन्हा आलो. मग दर रविवार तोच झाला. अरबस्तानातून निघालेली एवढीशी फौज एका पिढीत इराणपर्यंत आणि तीन पिढ्यांत इकडे सिंध, तिकडे स्पेनपर्यंत कशी गेली? जावा-सुमात्र्याकडे कोणतीही फौज गेली नाही, मग तिथे धर्म कसा गेला? बल्खच्या बौद्ध विहाराचे रखवालदार घराणे पुढे बगदादच्या खलिफाचे वजीर झाले, याला विजय म्हणायचे की पराभव? कोणाचा?

आमचा एक नियम होता. तो कादरचा. एक रविवार सुलटा, एक उलटा. सुलट्या रविवारी आपापल्या मनातले बोलायचे. उलट्या रविवारी समोरच्याची बाजू मांडायची, आणि तीही "तो म्हणतो" असे न म्हणता "मी" म्हणून. मी साम्राज्याचा वकील व्हायचो, कादर फिर्यादी. ज्याचे त्याचे बोलणे समोरचा वहीत उतरून घ्यायचा आणि पानाच्या डोक्यावर 'सुलटा' किंवा 'उलटा' लिहायचा. जो तयारी न करता येईल त्याने टपरीवरचे सगळे कप विसळायचे. आमच्यापैकी कोणीतरी न वाचता यावे, अशी नथ्थूची इच्छा असे.

"खलिफाले भेटाले आले का?" नथ्थूने विचारले.

"कुठे असतो तो?"

"तुमाले नाही मालूम? दिघोरीले. लाखांदूरकडच्या. सासऱ्याची धान भरडाची मशीन होती, ते पाहाले गेला अन् तिकडचाच झाला."

"शाळा काहून सोडली त्याने?"

नथ्थूने माझ्यापुढे कप ठेवला. "तुमीच विचारून राहिले का हे?" तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्याचे बरोबर होते. आता ते सांगतो.

त्या काळात भंडाऱ्यात एका व्याख्यानमालेत मला बोलायला बोलावले. विषय होता इस्लामी साम्राज्यांचा विस्तार. दिवस चांगले नव्हते, लोकांना या विषयात काय ऐकायचे आहे ते मला कळत होते. मी माझे मुद्दे मांडत होतो आणि सभागृह गप्प होते. मग मी पिशवीतून वही काढली. म्हणालो, "हे मी म्हणत नाही. माझे मित्र, इतिहासाचे शिक्षक, कादर सर स्वतः म्हणतात." आणि वाचले: "जी फौज निघाली ती लुटीसाठी निघाली. धर्म तिच्यामागून पायी आला."

टाळ्या थांबेनात.

ते वाक्य कादर उलट्या रविवारी बोलला होता. माझ्या वतीने. मी ते विसरलो नव्हतो. पानाच्या डोक्यावर 'उलटा' हा शब्द माझ्याच अक्षरात होता आणि वाचताना मी त्यावर अंगठा ठेवला होता. समोरून कोणाला तो दिसणार नव्हता. तरी ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते छापून आले. पुढचे पंधरा दिवस मी घाबरून होतो, कारण कादरकडे त्याची वही होती. त्याच उलट्या रविवारी मी बोललो होतो: "विहार तलवारीने पडले नाहीत. ते आधीच आतून रिकामे झाले होते, भिक्खू गावापासून तुटले होते. तलवारीने फक्त दार उघडे असल्याचे दाखवले." हे माझ्या नावाने छापले असते तर माझ्या वस्तीत मला तोंड दाखवता आले नसते. कादरला फक्त ती वही कोणाला तरी दाखवायची होती. त्यात आमचा नियमही लिहिलेला होता, कादर क्षणात सुटला असता.

त्याने दाखवली नाही.

नंतर मला पुण्यात नोकरी लागली. मी त्याला न भेटता गेलो. पत्र लिहिले नाही, फोन केला नाही. पुण्यात इतिहासावर बोलणारे पुष्कळ भेटतात, आता तर मोबाइलवर दर तासाला कोणी ना कोणी कोणत्या तरी बादशहाचा निकाल लावत असतो. पण सोळा वर्षांत मला उलटा रविवार पाळणारा एक माणूस भेटला नाही. मी वर्गात एखादा मुद्दा मांडतो आणि मनात कादर म्हणतो, "पुरावा?" त्या शब्दासाठी मी इतका आसुसलेला असेन, हे मला माहीत नव्हते.

साकोलीच्या पुढे

दुसरा दिवस रविवार होता. साकोलीला बस बदलली. स्टँडवर तर्री घातलेले पोहे खाल्ले. ती तर्री आता मला सोसत नाही, डोळ्यांतून पाणी आले. शेजारचा माणूस म्हणाला, "बाहेरगावचे दिसता." मी नाही म्हणणार होतो, पण नाक पुसत राहिलो.

दिघोरीच्या अलीकडे बस बंद पडली. ड्रायव्हरने बॉनेट उघडले, आत बघितले आणि बिडी पेटवली, तेव्हा ती लवकर चालणार नाही हे सगळ्यांना समजले. मागून धानाच्या पोत्यांनी भरलेला ट्रॅक्टर आला, त्यावर आम्ही दोघेतिघे चढलो. माझ्या बाजूच्या पोत्यावर एक म्हातारी बसली होती. दोन्ही बाजूंना धान आणि मधून मधून तलाव, पाण्यावर पांढरे बगळे. ट्रॅक्टर उसळला की म्हातारी माझा खांदा धरायची.

"कोणाच्या घरचे पाव्हणे म्हणावं?"

"कादर गुरुजींकडे चाललो."

"मशीनवाल्या गुरुजीकडे! मंग आज भेटन तो. आयतवारी मशीन बंद राह्यते त्याची. कोणी धान घेऊन गेलं त वापस करते."

"काहून?"

"भांडाचं राह्यते ना त्याले."

"कोणासोबत?"

"एकटाच!" ती बोळक्या तोंडाने हसली. "दोन खुर्च्या मांडते. एक डाव या खुर्चीवर बसून बोलते, मंग उठून त्या खुर्चीवर जाते अन् आपल्यालेच उलटून बोलते. पयले आमाले वाटे, डोस्कं सरकलं याचं. मंग बायकोनं सांगतलं, जुन्या राजाईचं काही राह्यते म्हणे ते."

"जिंकते कोण मग?"

"आता ते कोणाले मालूम! पण त्या दुसऱ्या खुर्चीवर बसला का लय जोरानं बोलते." तिने माझ्याकडे नीट पाहिले. "तुमी कोण त्याचे?"

"ओळखीचा आहे," मी म्हणालो. मित्र हा शब्द काढायची हिंमत झाली नाही.

दिघोरी

मशीनचे घर गावाच्या कडेला, बोडीच्या, म्हणजे लहान तलावाच्या, पाळीला लागून होते. भिंतींवर, खिडकीच्या गजांवर, कोळिष्टकांवरही कोंड्याचा बारीक थर बसला होता. आत मशीनच्या बाजूला खरोखरच दोन लोखंडी खुर्च्या होत्या, समोरासमोर. एकीवर कादर बसला होता. दाढी पांढरी, भुवयांवर कोंडा, हातात पुस्तक.

त्याने वर पाहिले. मी ते वाक्य सुरू करणार इतक्यात तो म्हणाला, "समरकंदचा मुद्दा तुझा चूक होता बे. नंतर वाचलं मी."

मी विचारले, "कोणता?"

"तू म्हणे का, सुभेदाराने लोकांना सांगितलं, धर्म घ्या, जिझिया माफ. अन् लोकांनी घेतला."

"घेतलाच होता ना."

"घेतला. मग? वसुली आटली. तेव्हा त्याच सुभेदाराने मुसलमान झालेल्यांकडूनच पुन्हा जिझिया मागितला. लोक उठले त्याच्यावर. आता सांग, साम्राज्याला मुसलमान पाहिजे होते का करदाते?"

"पण उठले ते धर्म सोडून नाही उठले," मी म्हणालो. मी उभाच होतो, पाठीवर पिशवी तशीच. "मुसलमान राहून उठले. म्हणजे धर्म साम्राज्यापासून वेगळा झाला होता तोवर. माझा मुद्दा तोच तर होता."

कादरने पुस्तक मिटले. "पुरावा?" तो म्हणाला. मी पिशवी खाली ठेवली.

"बस," तो म्हणाला.

मी दुसऱ्या खुर्चीवर बसलो. ती पुसलेली होती. मशीनघरात तेवढ्या दोनच वस्तूंवर कोंडा नव्हता.

कादरच्या पत्नी शमीम भाभी दारात आल्या. त्यांनी मला ओळखले हे त्यांच्या थांबण्यावरून समजले. "आ गये," एवढेच म्हणाल्या आणि आत गेल्या. थोड्या वेळाने जेवायला बोलावणे आले. भात आणि तलावातल्या झिंग्यांचा रस्सा होता. पुण्यात मी झिंगे हा शब्द काढला की घरचे समुद्राचे समजतात. हे नखाएवढे, कडक, मातीचा वास असलेले. भाभींनी न विचारता दुसऱ्यांदा वाढले, पण माझ्याशी बोलल्या नाहीत.

मशीनघरात परत येऊन बसलो, चहा आला. मी पिशवीतून वही काढली आणि मांडीवर ठेवली.

"कादर, मला माफी..."

"थांब." त्याने हात वर केला. "आज कोणता रविवार?"

"मला नाही माहीत."

"मला माहीत आहे. मी एकही चुकवला नाही. आज उलटा आहे." त्याने खुर्ची जवळ ओढली. "विषय, त्या दिवशीचं भाषण. मी तुझी बाजू मांडतो, तू माझी. मी म्हणून बोलायचं. लिहून घे."

"कादर, हे नको."

"काहून? बल्खवर चालते, आपल्यावर नाही चालत?"

मी पेन काढले. तो सरळ बसला, घसा साफ केला आणि माझ्या आवाजात नव्हे, आपल्याच आवाजात बोलू लागला.

"मी चार वर्षं तासिकेवर होतो. दरवर्षी उन्हाळ्यात मला काढून टाकत, पावसाळ्यात परत घेत. त्या दिवशी नोकरी देऊ शकणारे लोक पहिल्या रांगेत बसून जांभया देऊन राहिले होते. हे एक. दुसरं, लहानपणी माझ्या बापाने मला पवनीला नेलं, जुन्या स्तुपाच्या विटा दाखवल्या अन् म्हणाला, हे आपलं होतं. माझा हात त्या विटेवर ठेवला. ते दुःख मी घेऊन फिरतो. ते कोणावर तरी ठेवायचं होतं. हजार वर्षांआधी मेलेल्या सुलतानावर ठेवलं तर ठेवल्यासारखं वाटत नाही. कादर जवळचा होता, म्हणून त्याच्यावर ठेवलं. तो उचलून घेईल असं मला वाटलं. अन् माझा अंदाज चूक नव्हता."

तो थांबला. मला लिहिता येत नव्हते. पवनीच्या विटांचे मी त्याला एकदाच, ओझरते सांगितले होते.

"आता तू," तो म्हणाला.

मी वही बाजूला ठेवली. "मी कादर," मी म्हणालो. "माझ्या मित्राने माझं वाक्य चोरलं. त्यामुळे माझी नोकरी गेली."

"गेली नाही, मी सोडली. कोणत्या महिन्यात?"

मला माहीत नव्हते.

"पुढे बोल."

"माझ्या लोकांनी मला वाळीत टाकलं."

"पुरावा? त्या शुक्रवारी मशिदीत माझ्या बाजूला कोण बसलं होतं?"

मला माहीत नव्हते.

"काही लोक हार घेऊन माझ्या घरी आले. खरं बोललात म्हणून सत्कार करायला. मी तो हार काय केला? अब्बा तेव्हा बाहेरच्या खोलीत झोपून होते. ते काय म्हणाले?"

"कादर..."

"शमीम काय म्हणाली? वही दाखव म्हणाली का, नको दाखवू म्हणाली?"

बाहेर बोडीवर कोणी कपडे धूत होते, त्याचा आवाज येत राहिला. सोळा वर्षे मी माझ्या अपराधाचा रोज विचार केला होता. त्यात माझा अंगठा होता, माझ्या टाळ्या, माझी भीती, माझी झोप. कादरच्या घरात काय घडले ते त्यात कुठेच नव्हते. मी ते कोणाला विचारलेही नव्हते. माफीचे वाक्य मात्र पाठ करून आलो होतो.

"तयारी नाही तुझी," कादर म्हणाला. तो रागावलेला नव्हता. वर्गातल्या मास्तरासारखा थकलेला होता. "एवढ्या लांबून आला अन् काही वाचून नाही आला."

मी पेनाचे टोपण लावले.

"नियम माहीत आहे ना?"

मी उठलो. दोघांचे कप उचलले. मशीनघराच्या मागे अंगणात हातपंप होता. तिथे सकाळपासूनची भांडी पडली होती आणि भाभी घासायला बसत होत्या. मी कप खाली ठेवले, बाह्या वर केल्या आणि त्यांच्या हातातला काथ्या मागितला. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, मग दारात येऊन उभ्या राहिलेल्या कादरकडे पाहिले, आणि काथ्या दिला.

राख घेऊन मी पहिला कप घासला. चार वाजता साकोलीची बस होती, तिथून पुढे माझ्या परतीच्या गाडीचे तिकीट काढलेले होते.

"भाभी," मी म्हणालो, "ते पेपरात छापून आलं त्या सकाळी घरात काय झालं? मला सांगाल का? पहिल्यापासून."

भाभींनी पंपाचा दांडा दोनदा हलवला. पाणी आले.

"लंबी बात है भाऊ," त्या म्हणाल्या आणि पाट ओढून माझ्यासमोर बसल्या. "आधी पातेलं घ्या. ते लय जळलेलं आहे."

मी पातेले घेतले. मागे कादरने एक लोखंडी खुर्ची ओढून अंगणाच्या दारात आणली, आणि मग परत जाऊन दुसरी आणली.